बिनधक्क्यांचा हादरा

"हादरा गाडीचा आहे, माझा नाही! रविवारी संध्याकाळपर्यंत पुराव्यासकट सिद्ध नाही केलं, तर गाडीची किल्ली मी स्वतःच्या हातानं सूनबाईला देईन!"

असं म्हणून बिनधक्क्यांनी टेबलावर हात आपटला. टेबलावर मुलाचा चहा होता. तो उडाला आणि थेट मुलाच्या पांढऱ्या शर्टावर बसला. शर्ट ऑफिसचा, इस्त्रीचा, नुकताच घातलेला! म्हणजे प्रतिज्ञा पूर्ण व्हायच्या आधीच एक माणूस भाजला.

सून उठली, ओलं फडकं आणलं आणि शर्ट पुसता पुसता सासऱ्यांच्या पायांकडे बघितलं. हातांकडे नाही, पायांकडे! बिनधक्क्यांना ते बरोबर कळलं. सकाळपासून चौथ्यांदा बघत होती.

बिनधक्का हे नाव त्यांना डेपोनं दिलं होतं. चौतीस वर्षं बस चालवली, आणि अशी चालवली की उभी माणसं उभ्या उभ्या घोरायची. एक बाई म्हणे दारापाशी उभी राहून सुईत दोरा ओवत होती. दोरा ओवला, मान वर केली, तर तिचा स्टॉप तीन स्टॉप मागे गेलेला! तिनं रीतसर तक्रार केली, "बस सुटली हे प्रवाशांना कळवण्यात आलं नाही." ती तक्रार डेपोच्या भिंतीवर दोन वर्षं चिकटवलेली होती. तेव्हापासून सगळ्यांचे बिनधक्का. किराणावाल्याचे बिनधक्का, न्हाव्याचे बिनधक्का. घरात तेवढे बाबा.

रिटायर झाले आणि गुडघे बोलायला लागले. मग मुलानं चार महिन्यांपूर्वी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली. अठरा वर्षांची! नातीच्या दुपटीहून मोठी. बिनधक्क्यांनी दार उघडून आधी खाली वाकून बघितलं.

"पेडल दोनच? तिसरं कुणी काढलं?"

"नसतंच बाबा. ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही."

"मग डाव्या पायानं काय करायचं?"

"काही नाही. आराम."

आराम! आता तुम्हीच सांगा, चौतीस वर्षं रोज हजार वेळा क्लच दाबलेल्या पायाला कुणी एकदम म्हणालं, की बाबा रे, उद्यापासून तुझं काही काम नाही, गप पडून राहा, तर त्याला कसं वाटेल? पण पायाचं कोण ऐकतं. पायाच्या मालकाचंसुद्धा कुणी ऐकत नव्हतं.

कारण घरात बिनधक्क्यांना विचारून काहीच व्हायचं नाही. पडदे बदलले, त्यांना नंतर कळलं. टीव्हीचा रिमोट मागून घ्यावा लागायचा, आणि मागितला तर "काय बघायचंय?" असा उलटा प्रश्न. एकच गोष्ट त्यांची होती. सकाळी नातीला शाळेत सोडणं आणि दुपारी आणणं. बारा किलोमीटर जायचं, बारा यायचं, मध्ये बायपासचा लांबलचक सरळ रस्ता. त्यासाठी ते साडेसहाला दाढी करायचे. रोज! शर्ट खोचायचे. तिन्ही आरसे पुसायचे, सीटला पाठ लावून दोनदा हलवून बघायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. शाळेच्या फाटकावर वॉचमन सलाम ठोकायचा. दिवसातली तेवढी दोन तासांची नोकरी. बाकीचे बावीस तास त्या नोकरीची वाट बघण्यात.

आणि तीच नोकरी जायला आली होती!

झालं असं, की गाडी पासष्टच्या वर गेली की हादरायची. म्हणजे खड्ड्यात गेल्यासारखी नाही हं. थंडी भरल्यासारखी. धडधड, थांब, धडधड, थांब. जणू खाली रस्ता नाही, कुणीतरी कपडे घासायचा दगड अंथरलाय. नातीला भारी मजा यायची. तिनं घरी येऊन जाहीर केलं, "आजोबांची गाडी नाचते!" मग एके दिवशी सून मुद्दाम शेजारी बसून गेली. परत आली ती पांढरीफटक, आणि स्वयंपाकघरात नवऱ्याला हळूच म्हणाली, "बाबांचा पाय थरथरतो अ‍ॅक्सिलरेटरवर."

हळूच म्हणजे काय, ते या घरात कुणाला शिकवलेलंच नाही. बिनधक्क्यांनी बाथरूममध्ये नळ चालू असताना ऐकलं!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसचा फॉर्म डायनिंग टेबलावर. सोमवारपासून सीट पक्की. म्हणून गुरुवारची ती प्रतिज्ञा, आणि म्हणून तो चहा.

गुरुवारीच बिनधक्का कामाला लागले. पहिल्या मेकॅनिकनं चार प्लग बदलले. गाडी हादरली. दुसऱ्यानं चाकं काढून बॅलन्स केली, इंजिनाखालची रबरं बदलली, सीटखाली हरवलेला नातीचा एक मोजा शोधून दिला. गाडी हादरली. पण जाता जाता तो म्हणाला, "काका, हे आमचं काम नाही. रेल्वे फाटकापलीकडे गिअरवाली आहे, ती नुसते गिअरबॉक्स करते. तिच्याकडे जा. आणि वाद घालू नका."

शुक्रवारी बिनधक्का गेले आणि पहिल्या मिनिटाला वाद घातला.

गिअरवाली चाळिशीची, कोपरापर्यंत काळी, आणि तोंडानं सुरी. गाडीखालून नुसता आवाज आला, "काय होतंय?"

"गाडी हादरते. पण माझा पाय अजिबात थरथरत नाही!"

"पायाचं मी विचारलं का?"

"नाही, पण विचारशील म्हणून सांगून ठेवलं."

ती खालून सरकत बाहेर आली. त्यांच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "कितीला हादरते?"

"पासष्टला. बरोब्बर पासष्टला सुरू."

"मग लॉकअप असेल. टॉर्क कन्व्हर्टर माहितीय?"

चौतीस वर्षांच्या ड्रायव्हरला असं विचारायचं! पण खरं तर बिनधक्क्यांना माहीत नव्हतं. त्यांनी "हो" आणि "नाही"च्या मधला एक आवाज काढला. गिअरवालीनं हात पुसले.

"दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसरा आपोआप फिरतो, की नाही? तसंच. इथं वाऱ्याच्या जागी तेल. एक पंखा इंजिनाचा, दुसरा गिअरबॉक्सचा. पण त्यात जोर वाया जातो. म्हणून गाडीनं वेग धरला की आतला क्लच दोन्ही पंख्यांना एकत्र घट्ट पकडतो. तो लॉकअप. त्यानं पकड-सोड, पकड-सोड सुरू केली की गाडी हाद—"

"थांब! आत काय आहे म्हणालीस?"

"क्लच."

"या गाडीत क्लच आहे?"

"आहे की. आतमध्ये."

बिनधक्क्यांनी बॉनेटवर हात ठेवला. जत्रेत हरवलेला भाऊ सापडल्यासारखा! "चार महिने, ताई! चार महिने सगळे मला सांगतायत, क्लच नाही, क्लच नाही! आणि हा बिचारा आत बसलाय! बिघडलाय ना? बिघडलाच असणार. कागदावर लिहून दे. शिक्का मार."

"आधी बघू तर द्या!"

परीक्षा सोपी होती. पासष्ट-सत्तरवर गाडी स्थिर धरायची, हादरा सुरू झाला की ब्रेकला अगदी हलका पाय लावायचा. गाडीला वाटतं आता थांबायचंय, आणि ती लॉकअप सोडते. हादरा तिथंच गेला, तर भानगड लॉकअपची. नाही गेला, तर दुसरीकडे शोधायचं.

आधी गिअरवालीनं चालवली. बायपासवर सत्तर, पंच्याहत्तर. गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी गेली!

"तुला घाबरली ती," बिनधक्का म्हणाले. "आण इकडे."

मग ते बसले. आरसे, सीट, पाठ दोनदा, सगळं झालं. साठ. बासष्ट. पासष्टला धडधड, थांब, धडधड! बिनधक्क्यांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की गाडी बिघडल्यावर एवढा आनंद झालेला माणूस त्या रस्त्यानं बघितला नसेल.

"बघ! बघ कशी हादरतेय! अहाहा!"

गिअरवाली आरपीएमचा काटा बघत होती. काटा बेडकासारखा उड्या मारत होता. "आता ब्रेकला हलका पाय लावा."

लावला. हादरा बंद!

"गेला! लॉकअप! कन्व्हर्टर! पाय नाही! लिही कागद!"

"थांबा जरा. कुठल्या पायानं लावलात?"

बिनधक्का उत्तर द्यायला गेले तोवर सिग्नल आला, आणि सिग्नलवर मागून एक मोटरसायकलवाला आला. हेल्मेट वर केलेलं, चेहरा लालभडक. त्यानं काचेवर टकटक केली. टकटक कसली, ठकठक!

"ओ आजोबा! थांबायचंय की नाही, ते एकदा घरून ठरवून निघत जा ना!"

"काय झालं?"

"काय झालं? उड्डाणपुलापासून तुमच्या मागे आहे मी! ब्रेकचे दिवे चालू, बंद, चालू, बंद! मला वाटलं गाडी मला डोळा मारतेय! दर वेळी मी ब्रेक दाबतो, दर वेळी माझ्या मागचा मला शिव्या घालतो! मनगट सुजलं माझं!"

"बाबा रे, मी एकदाच लावला ब्रेक. आत्ता. परीक्षेसाठी."

"एकदाच? मग बाकीचे शंभर वेळा काय तुमच्या आत्म्यानं लावले?"

सिग्नल सुटला, तो गेला. गिअरवाली वाकली आणि स्टिअरिंगखाली बघितलं.

"काका, तुमचा डावा पाय कुठाय?"

"कुठं असणार? खाली."

"बघा."

बिनधक्क्यांनी बघितलं. डावा पाय ब्रेकच्या पेडलवर होता. दाबून नव्हता ठेवलेला, नुसता टेकलेला. ऊन बघून मांजर पसरावं तसा, एकदम घरच्यासारखा.

"आत्ताच गेला असेल," ते म्हणाले, आणि काढून बाजूला ठेवला.

पुढच्या एका किलोमीटरमध्ये तो तीनदा परत गेला. बिनधक्क्यांना एकदाही कळलं नाही. दर वेळी गिअरवाली नुसतं "पाय" म्हणायची आणि ते खाली बघायचे, आणि पाय तिथंच! पेडलला पायाचा भार लागायचा, ब्रेकचा दिवा लागायचा, लॉकअप सुटायचा. पाय रस्त्याबरोबर जरा उचलला जायचा, दिवा बंद, लॉकअप पकडायचा. पकड-सोड, पकड-सोड. गाडी धडधाकट होती. चार महिने घरी बसवलेल्या पायानं मालकाला न विचारता दुसरी नोकरी शोधली होती, एवढंच!

बिनधक्क्यांनी गाडी कडेला घेतली. चौतीस वर्षं मागच्या दारातल्या शेवटच्या माणसाचा पाय पायरीवर आहे की हवेत, हे ज्याला आरशात कळायचं, त्याला आज स्वतःचा पाय कुठे आहे ते दुसऱ्याला विचारायला लागत होतं.

"थरथरत नाहीये, काका. नुसती सवय आहे," गिअरवाली जरा मऊ आवाजात म्हणाली. "सवय मोडते."

"किती दिवसांत?"

"चौतीस वर्षांची? काय सांगू."

"मला रविवारपर्यंत मोडून पाहिजे. नाहीतर असं कर, कन्व्हर्टर बिघडलाय असं लिहून दे. मी घरी दाखवतो, मग हळूहळू मोडतो."

"चांगल्या गाडीला बिघडलेली म्हणून लिहून देत नाही मी. धंदा आहे माझा."

म्हणजे इथंही कुणी ऐकलं नाही.

शनिवारी घरात दोघं म्हाताराम्हातारी सोडून कुणी नव्हतं. बिनधक्क्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं. पलंगावरसुद्धा डाव्या पायानं मला दाबत असता."

मग दोघं सराव करायला निघाले. ती शेजारी हातात फूटपट्टी घेऊन. पाय गेला की पट्टी! दोन तासांत पायावर चौदा वळ, आणि पाय तरी ब्रेकवर. त्यांनी डावा पाय सीटखाली दुमडून बघितला, पेटका आला. बूट काढून बघितला, अनवाणी पाय अजून खुशीत गेला. पेडलशेजारी वीट ठेवली, तर पाय विटेवर चढून तिकडून पेडलवर! शेवटी बायको वैतागली.

"बांधून टाका मेल्याला!"

ती चिडून म्हणाली होती. पण बिनधक्क्यांचे डोळे चमकले. अशा वेळी माणसाचे डोळे चमकले की समजायचं, आता काही खरं नाही.

कपाटातून नवा पायजमा निघाला. त्यातून नाडी निघाली. चांगली जाड, पांढरी, दोन पदरी. डाव्या घोट्याला एक टोक, सीटच्या लोखंडी पट्टीला दुसरं. वरून पॅंट खाली ओढली की दिसायचं काम नाही. बायपासवर एक फेरी मारली. सत्तर! पंच्याहत्तर! एकसुद्धा हादरा नाही. बिनधक्का परत येताना चक्क शीळ घालत होते.

रविवारी संध्याकाळी सगळ्यांना गाडीत कोंबलं. मुलगा पुढे, सून, नात आणि बायको मागे. निघायच्या आधी बायकोनं चप्पल शोधायच्या निमित्तानं पुढच्या दारातून वाकून गाठ मारली. आणि इथं घात झाला! सुरगाठ मारायची होती, म्हणजे एक टोक ओढलं की सुटली असती. बायकोनं घाईत निरगाठ मारली. वर थुंकी लावून घट्ट केली. काळजी होती ना बिचारीला!

बायपास. साठ. सुनेनं पुढची सीट पकडली. पासष्ट. मुलानं श्वास रोखला. सत्तर.

काही नाही. नात तर झोपून गेली.

"बाबा!" मुलगा ओरडला. "गेला की हादरा!"

"जाणारच." बिनधक्क्यांनी एक हात खिडकीवर टेकवला. "टॉर्क कन्व्हर्टर. लॉकअप. आत दोन पंखे असतात, तेलात. तुम्हाला नाही कळायचं. साफ करून घेतला."

"म्हणजे पाय..."

"पाय?" बिनधक्का हसले. मोठ्या मनानं हसले. "पायाचं काय?"

मागे सुनेच्या पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. "मी बसवाल्याला फोन करून सांगते, उद्यापासून नको म्हणून," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट सुटका झाल्यासारखा होता. नंबर शोधायला लागली.

बिनधक्क्यांना वाटलं, गाडी अशीच चालत राहावी. पेट्रोल संपूच नये!

पण नात जागी झाली आणि तिला आइस्क्रीमची गाडी दिसली.

"थांबा ना बाबा, सगळे खाऊ," मुलगा म्हणाला. थांबले. सगळे उतरले. "चला, उतरा."

"मला नको."

"तुम्हाला? आइस्क्रीम नको?"

"घसा धरलाय."

"मग नुसते उतरा, पाय मोकळे करा."

पाय मोकळे करा! बिनधक्क्यांनी बायकोकडे बघितलं. बायको समजली, पलीकडच्या दारानं आत घुसली आणि डोकं खाली घालून गाठ शोधायला लागली. सुटेना! नखं लावली, दात लावले. सुनेनं वळून बघितलं, तर सासूचं डोकं स्टिअरिंगखाली, पाय दाराबाहेर.

"अगंबाई! आई! आईंना चक्कर आली!"

मुलगा धावला. आईला बाजूनं ओढून काढलं. तोंडात पांढरा दोरा! "काही नाही झालं मला," आई म्हणाली, "तू तिकडे जा, आइस्क्रीम वितळेल." पण मुलगा आता ऐकायला तयार नव्हता. त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं, बापाच्या काखेत हात घातले आणि ओढलं. बिनधक्का कमरेपर्यंत बाहेर आले. पुढे येईनात.

"बाबा, डावा पाय उचला!"

"उचलत नाही!"

"उचलत नाही म्हणजे?"

"नाही उचलत म्हणजे नाही उचलत! सोड मला!"

मुलाचा चेहरा राखेसारखा झाला. आइस्क्रीमवाल्यानं चमचा टाकला आणि बोंब मारली, "झटका आला! आजोबांची एक बाजू गेली!" झालं! कुठून कुठून माणसं उगवली. एकानं तोंडावर पाणी मारलं. एक म्हणाला, पाणी मारू नका, आडवं करा. दुसरा म्हणाला, आडवं करू नका, हसायला सांगा. "हसा आजोबा, हसा!" वाकडं हसू आलं तर झटका पक्का म्हणे. अर्धं शरीर गाडीत, अर्धं बाहेर, तोंडावरून पाणी ओघळतंय, या अवस्थेत सरळ हसून दाखवा बरं कुणीतरी! बिनधक्क्यांनी प्रयत्न केला. हसू वाकडं आलं. नात भोकाड पसरून रडायला लागली. सुनेनं बसवाल्यासाठी काढलेल्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

ती नेमकी सात मिनिटांत आली. गरज असते तेव्हा कधी येते का अशी?

अ‍ॅम्ब्युलन्समधला माणूस अनुभवी. त्यानं नाडी बघायला हात धरला नाही, आधी पॅंट वर केली. मग थांबला. मग बाकीच्यांकडे बघितलं. खिशातून कात्री काढून कच्चकन कापलं आणि नाडीचा तुकडा दोन बोटांत वर धरला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "तुम्ही पाय बांधून गाडी चालवत होतात?"

"ऐक, ऐक. पाय थरथरत नाही. पायाला काही झालेलं नाही. तो फक्त आपोआप ब्रेकवर जातो."

"आपोआप?" सून म्हणाली.

"हो, म्हणजे मला न कळता."

"न कळता!"

बिनधक्क्यांनी चौतीस वर्षांत एवढा मोठा खड्डा कधी घेतला नव्हता. सुनेनं नातीला जवळ ओढून घेतलं. मुलानं हात पुढे केला. नुसता तळहात. बिनधक्क्यांनी किल्ली त्यावर ठेवली. येताना ते मागे बसले, मधल्या जागेवर, गुडघे वर करून.

सोमवारी शाळेची बस आली. नातीला खिडकी मिळाली, मैत्रीण मिळाली, तिनं हातसुद्धा हलवला नाही. बिनधक्का दाढी करून उभे होते. मंगळवारीही केली. बुधवारी कशाला करायची, असं म्हणून नाही केली.

तीन आठवडे गेले. एका रविवारी सगळे कुणाकडे तरी निघाले होते. मुलगा चालवत होता. बायपास लागला, काटा पासष्टवर गेला, आणि धडधड, थांब, धडधड!

मुलानं स्वतःच्या पायांकडे बघितलं. डावा पाय लांब, गिअरच्या बाजूला चिकटलेला. उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, दगडासारखा.

"काय झालं गाडीला?" सुनेनं विचारलं.

गाडीला! मागच्या सीटवर बिनधक्क्यांच्या कानात तो शब्द तापल्या तेलासारखा गेला. त्यांच्या वेळी तोच हादरा आला तर 'बाबांच्या पायाला काय झालं', आणि नवऱ्याच्या वेळी पहिल्याच हादऱ्याला गाडीला! त्याच्या पायाकडे वाकूनसुद्धा बघितलं नाही!

"ब्रेकला हलका पाय लाव," ते म्हणाले.

"बाबा, प्लीज. पायाचं काही बोलू नका."

"लाव रे. अगदी हलका."

दोन किलोमीटर हादरल्यावर त्यानं लावला. हादरा गेला. काढला, परत आला. या वेळी डोळा मारणारं कुणी नव्हतं. या वेळी खरोखर लॉकअप होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी वरात गिअरवालीकडे. तिनं गाडी वर उचलली, खालचा बोल्ट काढला. ट्रेमध्ये तेल आलं, काळं, जळका वास, आणि त्यात बारीक बारीक कपचे. सून नाकाला रुमाल लावून वाकून बघत होती. बघता बघता तिचे डोळे भरून आले. खरंच भरून आले!

"म्हणजे बाबा, गाडीच होती! तुमचा पाय नव्हताच! आम्ही इतकं टोचून टोचून बोललो की तुम्हाला स्वतःच्याच पायाचा भरवसा राहिला नाही. बांधून घेतलात बिचाऱ्याला. चुकलं माझं." तिनं नाक पुसलं. "गाडी नीट झाली की तुम्हीच न्या तिला शाळेत. तिला बसमध्ये उलटी होते."

ती आणि मुलगा नातीला हात धुवायला नळाकडे घेऊन गेले. गिअरवालीनं कपचा बोटावर घेतला आणि बिनधक्क्यांच्या नाकासमोर धरला.

"क्लचचं लायनिंग आहे हे. लॉकअप दिवसातून दहा-वीस वेळा धरायचा आणि सोडायचा असतो. तुम्ही चार महिने रोज हजार वेळा करायला लावलंत. तेव्हाच मी तेल काढून बघायला हवं होतं. खाऊन टाकलात तुम्ही त्याला, काका."

बिनधक्क्यांनी कपचा आपल्या बोटावर घेतला. आत बसलेला तो बिचारा!

मुलगा हात झटकत परत आला, मागोमाग सून आणि नात. "किती दिवस लागतील? आणि मुळात हे होतं कशानं?"

गिअरवालीनं बिनधक्क्यांकडे बघितलं. बिनधक्क्यांनी तिच्याकडे बघितलं. चांगल्या गाडीला बिघडलेली म्हणून लिहून न देणारी बाई ती! पण तिनं हात पुसले, जरा वेळ लावून पुसले, आणि म्हणाली, "वयानं."

बिनधक्क्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धा सुटला असेल-नसेल, तोवर मुलगा म्हणाला, "वयानं असेल तर आज हे, उद्या ते, चालूच राहणार. म्हाताऱ्या गाडीवर कशाला जीव काढायचा? भंगारात देऊन टाकू. बसची गोळी देता येते उलटीवर."

"हो, वय झालं की काय करणार," सून म्हणाली, आणि सासऱ्यांचा हात मायेनं धरला.

'वय नाही! वय नाही, पाय आहे, माझा पाय! गाडी अजून दहा वर्षं चालली असती!' हे सगळं बिनधक्क्यांच्या ओठांपर्यंत आलं. पण ते बोलायचं, तर पाय परत आला. आणि नाही बोलायचं, तर गाडी गेली. चौतीस वर्षांत प्रथमच त्यांना कुठलं पेडल दाबायचं ते सुचेना.

मग बाकीच्यांनी मान डोलावली, तशी त्यांनीही डोलावली. दुसरं काय करणार!